प्रिय महोदय

उन्हाच्या लाटेच्या तिसऱ्या दिवशी तिनं मेलेल्या कोंबड्या मोजायचं सोडून दिलं. पोतं उघडायचं, पाय धरायचे, आत टाकायचं, एवढंच. मेलेली कोंबडी उन्हात तासाभरात फुगते. पाय धरून उचलली की पोटातली हवा चोचीतून निघते आणि मेलेली असूनही ती एक बारीक आवाज काढते. पहिल्या दिवशी त्या आवाजानं तिनं कोंबडी हातातून टाकून दिली होती. आता नुसती शिसारी यायची.

शेडच्या पत्र्यावर टाकलेली ओली पोती पंधरा मिनिटांत वाळून कडक होत होती. जिवंत कोंबड्या चोची वासून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत होत्या. पाणी घालायला गेलं तरी बाजूला सरकत नव्हत्या. खाली भुसा आणि शीट यांचा मिळून एक थर झाला होता, आणि त्यातून असा उग्र दर्प येई की डोळे झोंबायचे. नवरा नाकावर फडकं बांधून खोऱ्यानं तो थर ओढत होता. चार वेळा ओढलं की एकदा खोकायचा.

"महोदय, अजून एक पोतं लागेल," तो त्या टोकाकडून ओरडला.

"संपली पोती. घरातलं आणा."

"घरातल्यावर आई बसलीय."

"मग आईंना उठवा."

नवऱ्यानं बायकोला महोदय म्हणावं याचं नवख्या माणसाला नवल वाटलं असतं, पण गावात तिचं दुसरं नाव आता कुणाला पटकन आठवतही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तिनं अंड्यांच्या पैशांसाठी बँकेत स्वतःचं खातं उघडलं. फॉर्म तिनं बरोबर भरला होता. आत कॉम्प्युटरवर बसलेल्या कुणीतरी गप्पा मारता मारता 'स्त्री' सोडून 'पुरुष'वर बोट ठेवलं आणि ती कायमची पुरुष झाली. पासबुकावर 'श्री' आलं. बँकेचं पहिलं पत्र आलं तेव्हा पोस्टमननं ते दुकानापुढे उभं राहून मोठ्यानं वाचलं, "प्रिय महोदय!" झालं. गाव मोठं हुशार. नाव पुरुषाचं ठेवलं आणि क्रियापद मात्र बाईचंच लावलं. 'महोदय आली का?' 'महोदय आत्ताच अंडी घेऊन गेली.' दोन-तीन वर्षं तिनंही ते हसण्यावारी नेलं.

पुढे हसू येईनासं झालं, कारण बायकांसाठी म्हणून जे जे काही निघालं त्यातलं काहीच तिच्या वाट्याला येईना. कागदावर बाई असावी लागे. पाच वेळा तिनं दुरुस्तीचा अर्ज दिला. पाचही वेळा तो कुठेतरी वर गेला आणि वरच राहिला. एकदा खिडकीतल्या चष्मेवाल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं होतं, "पुरावा काय आणलाय?" मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी रांग हसली आणि कारकूनही हसला. त्या दिवशी घरी येईपर्यंत तिचे कान गरम होते.

दुपारी पिल्लं पुरवणारा हॅचरीवाला आला. स्कूटरवरून उतरलाच नाही. रुमाल नाकाला लावून त्यानं पोत्यांच्या ढिगाकडे बघितलं.

"किती राहिल्या?"

"निम्म्याहून कमी," नवरा म्हणाला. "आणि राहिल्यात त्या म्हाताऱ्या."

"हे बघा ताई," हॅचरीवाला तिला म्हणाला, "शनिवारी पिल्लांची गाडी निघतेय. बाईच्या नावानं शेड असेल तर अर्ध्या किमतीत देतोय आपण यंदा. तुमचं शेड तुमच्याच नावानं आहे. फक्त बँकेचा कागद आणा, खातं बाईचं आहे असा. शनिवारी सकाळपर्यंत."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर पूर्ण किंमत. नाहीतर पुढची गाडी थंडीत."

पूर्ण किमतीत निम्मी पिल्लंसुद्धा आली नसती. थंडीपर्यंत शेड अर्धं रिकामं म्हणजे काय, ते तिघांनाही माहीत होतं. नवऱ्याला पुन्हा कंपनीच्या मोठ्या शेडवर कोंबड्या पकडायला जावं लागलं असतं. तिथं अंधारात वाकून एकेका हातात चार-चार कोंबड्या धरायच्या आणि गाडीत कोंबायच्या. दोन हंगाम तो ते करत होता आणि तिथूनच हा खोकला घेऊन आला होता. नवऱ्यानं फडकं पुन्हा नाकावर चढवलं. खोरं घेऊन आत गेला आणि उगाच जोरजोरात ओढायला लागला.

बुधवारी ती अंघोळ करून, कपडे बदलून बँकेत गेली. तरी बाकावर शेजारी बसलेल्या बाईनं नाक मुरडलं आणि सरकून घेतलं. कोंबड्यांचा वास केसांतून जात नाही. सहावा अर्ज तिनं खिडकीतून आत सरकवला.

"शनिवारपर्यंत पाहिजे हो," ती म्हणाली. "पिल्लं जातील माझी."

चष्मेवाल्यानं अर्ज दोन बोटांच्या चिमटीत धरला. "आमच्या हातात नसतं ते. वर पाठवतो. मंजूर झालं की मेल येईल."

"पाच अर्जांना नाही आला मेल."

"मग सहाव्याला येईल," तो म्हणाला आणि तिच्या डोक्यावरून मागच्या माणसाकडे बघायला लागला.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं फोनवर बँकेचं पान उघडलं. तिथं बँक हसऱ्या माणसांचे फोटो टाकत असे आणि खाली लोक तक्रारी लिहीत. "आता चारचौघांत विचारतो त्यांना," तो म्हणाला आणि तिच्या नावानं लिहिलं, 'मी बाई आहे. अकरा वर्षं तुमच्या कागदावर पुरुष आहे. सहा अर्ज दिले. शनिवारच्या आत दुरुस्त करा.' खाली तिचा मेलचा पत्ता आणि फोन नंबर, म्हणजे बँकेला शोधाशोध नको. तासाभरात सतरा जणांनी त्यावर हसरी तोंडं चिकटवली. बँकेनं काहीच केलं नाही. पण ते पान बँकेशिवाय आणखी कोण कोण वाचत बसतं, हे दोघांच्या डोक्यातही आलं नाही.

गुरुवारी सकाळी ती अंडी बघायला बसली. हे काम सासूबाईंकडून तिच्याकडे आलं होतं. पत्र्याच्या डब्यात बल्ब, डब्याला एक भोक, भोकावर अंडं धरायचं आणि फिरवायचं. चांगलं अंडं आतून गुलाबी उजळतं. बिघडलेलं काळं दिसतं, नाहीतर आत डाग तरंगतो. सासूबाईंची नजर आता गेली होती, पण त्या शेजारी पोत्यावर बसून अंडी कानाशी हलवून बघत आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघे.

त्या ट्रेमध्ये शेजारणीची अंडीही होती. शेजारीण आपली अंडी यांच्याबरोबरच बाजारात पाठवायची. तिची अंडी पांढरीशुभ्र होती, एकावरही शिटेचा ठिपका नाही.

"किती छान दिसतायत," ती म्हणाली. "बघायलासुद्धा नकोत." आणि पाच तशीच पुढच्या ट्रेमध्ये ठेवली.

सहावं तिच्या हातात फुटलं. फुटलं म्हणजे फटाक्यासारखा आवाज झाला आणि हिरवट काळं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. वास असा की सासूबाई तोंड फिरवून ओकायलाच लागल्या.

"धुतलीत मेलीनं!" त्या ओकारी आवरत म्हणाल्या. "धुतलीत ना? हात लावून बघ, गुळगुळीत लागतात का?"

"लागतात."

"कितीदा सांगितलं तिला. अंड्यावर कोंबडीनं दिलेलं एक पातळ आवरण असतं, ते धुतलं की गेलं. मग सगळी घाण आत शिरते. शिटलेलं अंडं आठवडा टिकतं गं. हे असं नटवलेलं दोन दिवसांत नासतं. चांगलं दिसलं म्हणून उजेडाला धरायचं सोडू नये. ती पाच परत काढ."

तिनं पाच काढली. पाचातली तीन काळी निघाली. ती हात धुवायला उठली, राखेनं घासला, साबणानं घासला, तरी नखांत वास राहिलाच. तोच हात फडक्याला पुसत होती तेव्हा फोन वाजला. मेल आला होता.

वर बँकेचं चिन्ह होतं, बँकेचाच निळा रंग. खाली लिहिलं होतं, 'आदरणीय महोदया.'

ती तिथंच खाली बसली. पुढचं वाचायच्या आधी तिनं तो एक शब्द तीनदा वाचला. शेवटी एक काना. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल बँक मनापासून दिलगीर आहे. आपण महिला खातेदार असल्याची नोंद मंजूर झाली आहे. खाली दिलेल्या लिंकवर चोवीस तासांच्या आत माहिती भरून खात्री करावी. अन्यथा दुरुस्ती रद्द होऊन आपले खाते बंद करण्यात येईल.'

"अहो! अहो, इकडे या! आलं!"

नवरा खोरं टाकून धावत आला. तिनं फोन त्याच्यासमोर धरला आणि तिचे डोळे भरून आले. मेल्या कोंबड्या उचलताना ती रडली नव्हती, बँकेत हसले तेव्हाही नाही.

"माफी मागितलीय," ती म्हणाली. "बघा, माफी मागितलीय माझी."

"काल चारचौघांत विचारलं ना, म्हणून," नवरा म्हणाला. त्याची छाती फुगली होती. "त्याशिवाय वठणीवर येत नाहीत ही माणसं."

"कुणी माफी मागितली?" सासूबाईंनी विचारलं.

"बँकेनं, आई."

"बँकेनं?" म्हातारीनं हातातलं अंडं हलवायचं थांबवलं. "कधी नाही ते."

पण तिच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. लिंक उघडली. पान बँकेसारखंच होतं. नाव, खात्याचा नंबर, कार्डाचा नंबर, कार्डामागचे तीन आकडे. नवरा कार्ड बघून वाचत होता, ती एका बोटानं भरत होती. 'लिंग' असं लिहिलेल्या जागी दोन गोल होते. तिनं 'स्त्री'वर बोट ठेवलं आणि दाबून धरलं, जणू हलकं दाबलं तर पुन्हा सुटेल.

मग पान म्हणालं, आपल्या फोनवर आलेला ओटीपी इथे भरा. तेवढ्यात मेसेज आला. हा नेहमीच्याच ठिकाणाहून आला होता, जिथून अकरा वर्षं येत होते. 'प्रिय महोदय, आपला ओटीपी पुढीलप्रमाणे. तो कोणालाही सांगू नका. बँक तो कधीही विचारत नाही.'

नवरा थबकला. "सांगू नका म्हणतंय गं."

"कुणाला म्हणतंय?" ती म्हणाली. "महोदयांना म्हणतंय. मी नाही आता महोदय." तिला त्या शब्दाचा असा संताप आला की फोनवर थुंकावंसं वाटलं. "हे जुनं येतंय अजून. मेले अजून मला पुरुषच म्हणतायत. आत्ता पाच मिनिटांत बंद होईल बघा हे."

तिनं आकडे भरले. पानावर एक गोल फिरायला लागला. दोघं त्या गोलाकडे बघत बसले. तिच्या नखांतला वास फोनला लागला होता.

पहिला मेसेज आला तेव्हा तिला वाटलं, दुरुस्तीचाच असेल. 'प्रिय महोदय, आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली आहे.' तो वाचून होतो न होतो तोच दुसरा आला.

"हे काय?" नवरा म्हणाला. "काय वजा?"

तिनं कार्ड त्याच्या हातातून ओढून घेतलं. पिल्लांचे पैसे होते ते, अंडं अंडं करून साठवलेले. कार्डामागे छापलेल्या नंबरावर तिनं फोन लावला. आधी संगीत वाजलं, मग एका मुलीचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज म्हणाला की आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. असं चार वेळा म्हणाला. मग खरा माणूस आला.

"बंद करा खातं! पैसे चाललेत माझे!"

"खातेदाराचं नाव सांगा." तिनं सांगितलं. पलीकडे खटखट बटणं वाजली. "मॅडम, हे खातं पुरुषाचं आहे. खातेदाराला फोन द्या."

"मीच खातेदार! तुमची चूक आहे ती, सहा अर्ज दिलेत मी..."

"मॅडम, सुरक्षेच्या कारणासाठी मला खातेदाराशीच बोलावं लागेल. फसवणूक फार चाललीय हल्ली."

ती फोनकडे बघतच राहिली. मग तिनं तो नवऱ्याच्या हातात कोंबला आणि दातांतून म्हणाली, "बोला. मी व्हा."

नवऱ्यानं घसा खाकरला आणि आपल्या जाड, खोकल्यानं फाटलेल्या आवाजात बायकोचं नाव स्वतःचं म्हणून सांगितलं. पलीकडच्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. जन्मतारीख विचारली. ती कानात कुजबुजली, नवरा बोलला. आईचं नाव विचारलं. ती कुजबुजली, नवरा बोलला. "धन्यवाद, सर," पलीकडचा माणूस म्हणाला, "आपली ओळख पटली." या ओळखीच्या भानगडीत तिसरा मेसेज येऊन गेला होता. खातं बंद झालं तेव्हा आत थोडेसेच उरले होते.

नवऱ्यानं फोन खाली ठेवला. शेडमधून कोंबड्यांच्या धापा ऐकू येत होत्या.

"मी म्हणालो होतो, सांगू नका म्हणतंय," तो शेवटी म्हणाला.

"पत्ता कुणी लिहिला पानावर? चारचौघांत?"

"मी तुझ्यासाठीच लिहिला."

"मी तरी कुणासाठी भरलं?"

तो उठला आणि नाकावर फडकं बांधायला लागला, पण गाठ काही बसेना. तिनं उठून मागून ती बांधून दिली, घट्ट, जरा जास्तच घट्ट.

शुक्रवारी बँक उघडायच्या आधी दोघं दारात उभे होते. चष्मेवाल्यानं त्यांना पहिल्यांदाच आत, टेबलाशी बोलावलं. पैसे गेले की माणसाला खुर्ची मिळते. त्यानं तिचा फोन घेतला, आधी कागदानं पुसला, मग मेल उघडला.

"हे काय बघितलंत तुम्ही?" तो म्हणाला. "हे नुसतं वर लिहिलेलं नाव. नाव कुणीही लिहील. त्याच्यावर बोट ठेवायचं." त्यानं ठेवलं. नावाखालून एक लांबलचक पत्ता निघाला, नुसती अक्षरं आणि आकडे, बँकेचा त्यात मागमूस नाही. "लिंकही तशीच, बघा. दाबायची नाही, नुसतं बोट धरून ठेवायचं, की खाली दिसतं कुठं नेतेय ते. आणि चोवीस तास, खाते बंद, ही घाई. बँक कधी घाई करते का?"

"नाही," ती म्हणाली. "अकरा वर्षं नाही केली."

"आणि पिन, ओटीपी, कार्डामागचे आकडे बँक मागत नाही. मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचत नाही तुम्ही लोक."

"वाचलं होतं," ती म्हणाली. "त्यात महोदय होतं."

कारकुनाला ते कळलं नाही. ती त्याच्या बोटाकडे बघत होती. अर्ध्या मिनिटात त्यानं नावाखालचं काळं उघडून दाखवलं होतं. डब्याच्या भोकावर अंडं धरावं, तेवढंच काम. रोज ती शेकडो वेळा ते करते आणि त्या एका मेलच्या वेळी तिनं उजेडाला धरलं नाही, कारण ते पांढरंशुभ्र होतं. मेल पाठवणाऱ्याची तिला किळस आली. कुठंतरी पंख्याखाली बसून त्यानं तिची ती ओळ वाचली असेल, सतरा हसरी तोंडं बघितली असतील आणि त्यातून नेमका तिच्या दुखऱ्या जागेवर ठेवायचा एक शब्द उचलला असेल. पण त्याहून जास्त किळस तिला एका गोष्टीची आली. अकरा वर्षांत ती बाई आहे हे लक्षात घेऊन तिला पत्र लिहिलं ते एकट्या चोरानं.

"तक्रार आजच द्यावी लागेल," कारकून म्हणाला. "तीन दिवसांच्या आत दिली तर पैसे परत यायची शक्यता असते. उशीर केलात तर विसरा." त्यानं छापील फॉर्म पुढे सरकवला, मग मध्येच ओढून घेतला. "एक अडचण आहे. तुमचा तो दुरुस्तीचा अर्ज."

"त्याचं काय?"

"तो वर आहे. एका खात्यावर नावागावाची दुरुस्ती चालू असली की तक्रार पुढे सरकत नाही. सिस्टिम घेत नाही. म्हणते, खातेदार नक्की कोण ते आधी ठरवा."

"मग आधी दुरुस्ती करा."

"ती कधी होईल ते मी कसं सांगू? तुम्ही असं करा, अर्ज मागे घ्या. खाली एक ओळ लिहून द्या, 'बँकेतील नोंद बरोबर आहे, माझी काही तक्रार नाही.' मग ही तक्रार आत्ता जाईल. दुरुस्तीचं पुढे बघू."

नवरा उठून उभा राहिला. "म्हणजे तिनं लिहून द्यायचं, की ती..."

"मी नियम सांगितला," कारकून म्हणाला.

बाहेरच्या रांगेतली माणसं काचेतून बघत होती. तिनं नवऱ्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. पेन मागितलं. कारकुनानं खिडकीतलं, दोरीला बांधलेलं पेन पुढे केलं, पण दोरी टेबलापर्यंत पुरेना, म्हणून तिला उठून, खिडकीशी वाकून लिहावं लागलं. 'बँकेतील नोंद बरोबर आहे.' ती एकेक अक्षर नीट काढत होती. तक्रारीच्या फॉर्मवर 'लिंग' या जागी 'पुरुष' आधीच छापून आलं होतं. त्याच्यापुढे तिनं सही केली. बाईची सही, अकरा वर्षं तीच, आणि बँकेला तीही अकरा वर्षं चालत आली होती.

"झालं," कारकून म्हणाला. "मेल येईल."

बाहेर पडल्यावर ती भिंतीच्या कडेला गेली आणि ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी आलं. नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला.

शनिवारी सकाळी पिल्लांची गाडी गावातून गेली. हॅचरीवाल्यानं त्यांच्या दाराशी जरा वेग कमी केला, कागद मिळाला का म्हणून हातानंच विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. गाडीतल्या खोक्यांतून हजारो पिल्लांची चिवचिव एकदम आली आणि वळणावर गेली. दुपारी दुसरी गाडी आली, कंपनीच्या शेडवर जाणारी, मागे दहा-बारा माणसं उभी होती. नवऱ्यानं फडकं खिशात घातलं.

"दोन हंगाम काढलेच की मी," तो म्हणाला.

"फडकं ओलं करून बांधा. आणि वाकून उभे राहू नका सारखे."

"हो महोदय," तो म्हणाला. आणि म्हटल्याबरोबर त्याचं तोंड पडलं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि गाडीही सुटली होती.

पुढच्या आठवड्यात ऊन उतरलं. वाचलेल्या कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्या, बारीक, पातळ कवचाची. अर्ध्या रिकाम्या शेडमधला थर तिनं एकटीनं खरवडून काढला. शेजारीण अंडी घेऊन आली तेव्हा तिनं ती दारातूनच परत केली. शेजारीण बाहेर जाऊन म्हणाली असेल काहीतरी, म्हणू दे.

गुरुवारी ती डब्याशी बसली होती. सासूबाई पोत्यावर होत्या. फोन वाजला. तिनं हातातलं अंडं आधी फिरवून पाहिलं, ट्रेमध्ये ठेवलं, हात पुसले आणि मगच फोन उचलला. मेल होता. वर बँकेचं चिन्ह, तोच निळा रंग. तिनं पुढचं काहीच वाचलं नाही. आधी नावावर बोट ठेवलं, खालचा पत्ता उघडला, त्यातलं अक्षर न् अक्षर पासबुकाच्या मागे छापलेल्या पत्त्याशी लावून बघितलं. लिंक कुठं आहे का बघितलं. नव्हती. घाई नव्हती, माफी नव्हती, कुणी काही मागितलं नव्हतं. आपली तक्रार नोंदवली आहे आणि नव्वद दिवसांत कळवू, एवढंच होतं. सगळ्यात शेवटी तिनं वरची ओळ वाचली.

"कुणाचं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"बँकेचं."

"नीट बघ हो. या खेपेला खरं आहे का?"

"खरंच आहे, आई," ती म्हणाली आणि पुढचं अंडं उचललं. "मला पुरुष म्हणतंय."